कॅमेरा घेऊन तंजावरच्या बांधांवर

तंजावर म्हटलं की आपल्याला बृहदीश्वराचं देऊळ, सोन्याचा वर्ख लावलेली चित्रं, मान डोलावणाऱ्या बाहुल्या आणि भोसल्यांचा राजवाडा आठवतो. सहलवाले हे सगळं एका दिवसात उरकतात आणि संध्याकाळी तुम्हाला कुंभकोणमच्या रस्त्याला लावतात. देवळाबद्दल माझी काही तक्रार नाही. १०१० साली पूर्ण झालेलं ते देऊळ जन्मात एकदा पाहायलाच हवं. पण शहर मागे पडलं की लगेच जी भातशेती सुरू होते, तिच्यासाठी दोन सकाळी राखून ठेवा, असं मी तिकडे निघालेल्या प्रत्येकाला सांगते. बरोबर कॅमेरा असेल तर छान, नसेल तर मोबाइल पुरतो.

माझी बहीण काही वर्षं नोकरीनिमित्त तंजावरात होती. त्यामुळे मला ही शेतं वेगवेगळ्या महिन्यांत बघायला मिळाली, आणि दर वेळी आपण दुसऱ्याच गावाला आलो की काय असं वाटलं. म्हणून तुम्ही जाणार असाल तर पहिला प्रश्न ‘काय बघायचं’ हा नाही, ‘कोणत्या महिन्यात जायचं’ हा आहे.

त्यासाठी आपलं मराठी पावसाचं गणित थोडं बाजूला ठेवावं लागतं. आपल्याकडे जून म्हणजे पाऊस. तंजावरात जूनमध्ये कडक ऊन असतं, आभाळ बहुतेक कोरडंच असतं. तरीही जूनच्या शेवटी तिथे शेतं पाण्याने भरलेली दिसतात. हे पाणी पडलेलं असतं कोडगूच्या डोंगरात आणि वायनाडमध्ये. ते कावेरी आणि कबिनीतून वाहत मेट्टूरच्या धरणात येतं. १९३४ साली पूर्ण झालेल्या या धरणाचे दरवाजे शेतीसाठी उघडण्याची ठरलेली तारीख आहे १२ जून. तिथून पाणी तीनचार दिवसांत कल्लणईला पोहोचतं, तिथे ते वाटलं जातं, आणि मग कालव्या-कालव्यांतून, पाटा-पाटांतून शेवटच्या गावापर्यंत जातं. आपण मृगाच्या सरीची वाट बघतो, तशी इथली माणसं पाटाच्या तोंडाशी उभी राहून पाण्याची वाट बघतात. एप्रिल-मेपासूनच कालव्यांतला गाळ काढण्याची कामं सुरू झालेली असतात.

कोरड्या पाटात पाणी शिरतानाचा फोटो मिळाला तर तो सोडू नका. पुढे फेस, काटक्या, वाळकी पानं ढकलत पाणी येतं, आणि त्याच्यामागे बगळे! मातीतून बाहेर पडणारे किडे टिपायला त्यांची झुंबड उडते. यात एक छोटी अडचण असते. पांढरा बगळा मोबाइलच्या फोटोत नुसता पांढरा डाग होतो. पडद्यावर बगळ्यावर बोट ठेवा आणि उजेड थोडा कमी करा, पिसं दिसायला लागतील.

लावणी झाली की शेताचा आरसा होतो. कोवळी रोपं अंतराअंतरावर आणि मध्ये पाणी, त्यात आभाळ, ताडाची झाडं, वीजतारांवर बसलेला नीलकंठ, सगळं उलटं. ही मौज दोनतीन आठवड्यांचीच. रोपं फुटली की पाणी झाकलं जातं. जूनमध्ये पेरलेल्या कुरुवई भाताचे असे आरसे जूनअखेर ते जुलैमध्ये दिसतात. मोठ्या हंगामाचे, म्हणजे सांबा भाताचे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. सूर्योदयानंतरचा पहिला तास यासाठी उत्तम, कारण नंतर वारा सुटतो. आणि तो वारा साधा नाही. तमिळ आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, तो इतका जोरात असतो की आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो अशी तिकडे म्हण आहे. पाटा-वरवंट्यातला पाटा! ओढणी, टोपी आणि लहान मुलांचे हात, तिन्ही सांभाळा.

चालायला कुठे जायचं? माझी आवडती वाट तिरुवैयारूची. गावाच्या नावातच पाच नद्या आहेत, आणि तंजावरहून जाताना त्या तुम्ही खरोखर एकेक करून ओलांडता: वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. जेमतेम १३ किलोमीटरचा रस्ता आहे. सकाळी सहाच्या सुमाराला रिक्षा ठरवा, मधल्या एखाद्या पुलापाशी उतरा आणि तासभर काठाकाठाने चाला. एका बाजूला केळीच्या बागा, कुठे विड्याच्या पानांचे मळे, दुसऱ्या बाजूला भात. खंड्या, भारद्वाज, वेडा राघू यांच्यासाठी दुर्बीण लागत नाही. ते तुमच्याकडे फारसं लक्षही देत नाहीत. तिरुवैयारूला पोहोचलात की काठावर त्यागराजांची समाधी आहे. पुष्य वद्य पंचमीला तिथे मोठा संगीतोत्सव असतो, पण तेव्हा गर्दी इतकी की शांत चालणं विसरा.

ऑगस्टच्या सुरुवातीला गेलात तर आडी महिन्याची अठरावी तारीख साधा. ती बहुधा २ किंवा ३ ऑगस्टला येते. त्या दिवशी बायका नदीची पूजा करतात, हळदीचे दोरे बांधतात, नवविवाहित जोडपी लग्नातले हार पाण्यात सोडतात. मुलं छोटे लाकडी रथ ओढत घाटावर येतात. पूजा झाली की घाटावरच डबे उघडतात: लिंबाचा भात, चिंचेचा भात, नारळाचा भात, दहीभात. आपल्या नारळी पौर्णिमेची आठवण होते. इथे मात्र मान नदीचा.

कल्लणई तंजावरहून साधारण ४५ किलोमीटरवर आहे. करिकाल चोळ राजाच्या नावाने ओळखला जाणारा हा बंधारा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा मानतात, आणि आजही पाणी इथूनच वाटलं जातं. फोटो पुलावरून काढा. खाली उतरून पाण्यात पाय सोडून बसण्याचा मोह मुलांना होतोच, पण दरवाजे उघडे असताना प्रवाहाला विलक्षण ओढ असते. तिथे हट्ट चालवून घेऊ नका.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा तंजावरचा खरा पावसाळा, ईशान्येकडून येणारा. हिरवा रंग या दिवसांत सगळ्यात गडद असतो. पण याच सुमाराला कुरुवईचं भात कापून झालेलं असतं आणि ते सुकवायला जागा नसते. मग हमरस्त्याच्या अर्ध्या भागात भात पसरलेलं दिसतं, बाजूला ताडपत्री घेऊन घरातलं कुणीतरी आभाळाकडे बघत बसलेलं. धान्यात १७ टक्क्यांहून जास्त ओलावा असला की सरकारी खरेदीत अडचण येते. वाईट पावसाच्या वर्षी ही अट सैल करावी म्हणून मागण्या होतात. सोनेरी भात आणि वर काळे ढग हा फोटो फार देखणा येतो. तो काढताना त्या माणसाचं वर्ष त्या ढगाखाली पडलेलं आहे, एवढं ध्यानात असू द्या. शक्यतो थांबा, दोन शब्द बोला.

माणसांच्या फोटोंबद्दल माझं मत जरा कडकच आहे. लावणीला वाकलेल्या बायकांचे मागून काढलेले फोटो मी इतके पाहिलेत की आता नको वाटतात. ‘अक्का, फोटो एडुक्कलामा?’ एवढं तमिळ पुरतं. अक्का म्हणजे आपली अक्काच, आणि पुढचं ‘फोटो काढू का?’ एकदा अशी विचारणा केल्यावर लावणीतल्या एका बाईंनी मला ‘थांब’ अशी खूण केली, पाटात हात धुतले, पदर नीट केला आणि शेजारणीला ओढून घेऊन सरळ उभ्या राहिल्या. मग माझ्या बहिणीला त्यांनी मुलाचा नंबर दिला. तो सिंगापूरला होता. आईचा शेतातला फोटो त्याला पोहोचला, आणि दहा मिनिटांत त्याचा फोन बांधावर वाजला. त्या फोटोत आरसा नाही, उजेडही डोक्यावर आलेला आहे. तरी माझ्या तंजावरच्या फोटोंत तो एकच मी छापून घेतला आहे.

जानेवारीत धुकं असतं. सकाळी दारोदारी मोठाली कोलम, काहींच्या मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल, आणि गावाबाहेर लोंब्यांवर दव. पोंगलनंतर सांबाची कापणी जोरात येते. भात उभं असतानाच त्यात उडीद-मूग पेरून ठेवलेले असतात, म्हणजे जमिनीतली ओल वाया जात नाही. कापलेल्या शेतांत बदकांचे कळप सोडतात. शेकडो बदकं, मागे काठी घेतलेला एक माणूस, आणि कळपाला एकदम वळण घेताना बघणं! मुलांना इथून हलवणं कठीण. त्यापुढे उन्हाळ्यात रामनाथपुरमकडून मेंढपाळ येतात आणि आपल्याकडे धनगर बसवतात तशाच मेंढ्या शेतांत बसवल्या जातात. ताडगोळेही तेव्हाच मिळतात. भेगाळलेली जमीन, मेंढ्या, ताड: हा महिना कुणी फोटोसाठी निवडत नाही, पण मला तो आवडतो.

दुपारी ऊन चढलं की सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयात जा. दुसरे सर्फोजी राजे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांना वैद्यकाचा आणि निसर्गाचा नाद होता. त्यांनी चित्रकारांकडून पक्षी, प्राणी, वनस्पती यांची रंगीत चित्रं करून घेतली. तंजावरातली अशी काही चित्रं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही आहेत. भोसले वंशाचा लांबलचक मराठी शिलालेख त्यांनी १८०३ मध्ये मोठ्या देवळाच्या आवारात कोरवला, तो बहुतेक मराठी पर्यटक शोधून वाचतात. चित्रांकडे मात्र कमी जण वळतात. सकाळी तुम्ही जे टिपलंत, त्याच पाणथळ प्रदेशातले जीव दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी ब्रशने टिपत होतं, हे बघायला मजा येते.

तुम्हाला दोनदा जाणं शक्य असेल तर एक करा. एखादा पूल, एखादा ताड, एखादं पाटाचं वळण निवडा आणि प्रत्येक वेळी तिथेच उभं राहून फोटो काढा. ओळखीचं कुणी तिथे राहत असेल तर त्यांनाच महिन्यातून एक पाठवायला सांगा. माझ्या बहिणीने कालव्याकाठच्या एका ताडाचे असे बरेच फोटो काढले.

आता शेवटी तिकिटांचं. विमानाने तिरुचिरापल्लीला उतरलात तर पुढे तासा-दीड तासाचा रस्ता आहे, राहायला तंजावरात सगळ्या खिशांना परवडणारी हॉटेलं आहेत, त्याची काळजी नको. तपासायचं ते पाणी. २०१२ ते २०१९ या आठ वर्षांत १२ जूनला धरण एकदाही उघडता आलं नाही. ते २०२० मध्ये वेळेवर उघडलं. २०२३ मध्ये उघडलं वेळेवर, पण साठा संपत आल्याने ऑक्टोबरमध्ये बंद करावं लागलं. २०२४ मध्ये दरवाजे उघडायला २८ जुलै उजाडला. त्याआधी गेलेल्यांना पाटांत धूळ दिसली. मेट्टूरची पूर्ण पातळी १२० फूट आहे, आणि रोजची पातळी वर्तमानपत्रांत येते. जूनचं आरक्षण करण्याआधी ती बघा. ९०च्या वर असेल तर आशा धरायला हरकत नाही. बरीच खाली असेल तर सरळ जानेवारीचं तिकीट काढा.