पंखांचा वाटा

कोंबडीचे पंख आज हॉटेलात भाव खातात. एकेकाळी अमेरिकेतही ते सूपच्या भांड्यात जायचे. १९६४ मध्ये बफेलो शहरातल्या अँकर बारमध्ये टेरेसा बेलिसिमो यांनी ते तळून तिखट सॉसमध्ये घोळले आणि तिथून त्यांचं नशीब पालटलं, असं मानलं जातं.

आमच्या घरी मात्र वाटे ठरलेले होते. लेग पीस अब्बांना आणि भावांना. मान आणि पंख अम्मीला. "मला हेच आवडतं," ती म्हणायची. मागच्या रमजानमध्ये तिला विचारलं, "खरंच आवडायचे का गं?" ती हसून म्हणाली, "लेग पीस कधी खाल्ला असता, तर सांगितलं असतं!"

मी पंख ओव्हनमध्ये करते. एक किलो पंख कातडीसकट आणायचे, पुसून अगदी कोरडे करायचे. मीठ, मिरपूड आणि एक मोठा चमचा बेकिंग पावडर चोळायची, सोडा नव्हे. पावडरमुळे कातडी कुरकुरीत होते. जाळीवर ठेवून २२० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं, मध्ये एकदा उलटायचे. मग गरम लोणी, लाल तिखट, लसूण, लिंबू यांत घोळायचे. दह्याचा चक्का, साय, पुदिना, मीठ घोटलं की डिप तयार.

या पदार्थात मोठा तुकडा कुणाचा, हा प्रश्नच उरत नाही. मुलाला आणि मुलीला मी मोजून सारखे वाढते. बरोबरी वर्गात फळ्यावर लिहून शिकवता येते, पण मुलं ती ताटातच शिकतात.