नोंदवही आणि पिवळं बटण

गेले काही महिने या विषयावर लिहीन लिहीन म्हणतोय. आज शनिवार, क्लायंट सुट्टीवर आहे, बिल्डही शाबूत आहे. तेव्हा लिहूनच टाकतो.

माझ्या आतेबहिणीचा, म्हणजे ताईचा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला एंजलमन सिंड्रोम आहे. नाव ऐकलं नसेल तर नवल नाही, तीन-चार वर्षांपूर्वी आमच्याही घरात कुणी ऐकलं नव्हतं. साधारण १२ ते २० हजार मुलांमागे एकाला होतो. १५व्या गुणसूत्रावर यूबीई३ए नावाचं एक जनुक असतं. आपल्याकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. पण मेंदूतल्या चेतापेशींमध्ये वडिलांकडची प्रत बंद असते, काम करते ती आईकडचीच. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकअप आहे, पण तो निसर्गानेच डिसेबल करून ठेवलाय. आईकडची प्रत गळाली किंवा बिघडली की हा आजार होतो. बहुतेक वेळा तो तुकडा आपोआपच गळलेला असतो, त्यात आईचा दोष शून्य. (हे वाक्य काही खास नातेवाइकांसाठी.)

अशी मुलं उशिरा चालतात, त्यांचा तोल जातो, फिट्स येतात, झोप फार कमी असते आणि बोलणं जवळजवळ नसतंच. हसणं मात्र भरपूर! १९६५ साली हॅरी एंजलमन या इंग्लिश डॉक्टरांनी अशा तीन मुलांबद्दल पहिल्यांदा लिहिलं. व्हेरोनाच्या संग्रहालयात त्यांनी हातात बाहुलीचं चित्र घेऊन हसणाऱ्या मुलाचं एक जुनं पेंटिंग पाहिलं होतं. त्यावरून त्यांनी या मुलांना 'बाहुल्यांसारखी मुलं' म्हटलं. पुढे आईबापांना ते नाव आवडेना, म्हणून १९८२ नंतर डॉक्टरांचंच नाव रूढ झालं.

तर, आमचा भाचा हसतो. पाणी दिसलं की हसतो, मामा आला की हसतो. आणि केस ओढतानाही हसतो. प्रॉब्लेम तिथेच होता. केस म्हणजे असे तसे नाही, मुळापासून. ताईने कमरेपर्यंतचे केस कापून बॉयकट केला. शाळेतल्या एका मुलीचे केस ओढले तेव्हा शाळेने सांगितलं, असंच चालू राहिलं तर त्याला ठेवून घेता येणार नाही. रागावलं तरी तो हसायचा. मग बघणारे म्हणायचे, "बघा, मुद्दाम करतोय. लाडावून ठेवलाय."

अशा वेळी ताईला एक वर्तनोपचार करणाऱ्या बाई भेटल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मुलाला काहीच शिकवलं नाही. ताईच्या हातात एक वही दिली आणि सांगितलं, "दोन आठवडे फक्त लिहा. आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं." तीन रकाने, बस्स. भाऊजी वैतागले, एवढे पैसे देऊन वही भरायची? मला मात्र बाई एकदम आवडल्या. लॉग न बघता कोड बदलायला बसणारे लोक मी रोज बघतो :)

यामागचा विचार जुना आहे. ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांवर एक अभ्यास केला. तेच वर्तन, पण वेगवेगळ्या मुलांत त्यामागचं कारण वेगळं निघालं. कुणाला लक्ष हवं असतं, कुणाला नको असलेल्या कामातून सुटका, कुणाला एखादी वस्तू, तर कुणाला ती क्रियाच सुखाची वाटते. म्हणजे 'केस ओढणं' हे निदान नाहीच, ते नुसतं लक्षण आहे.

दोन आठवड्यांनी वही वाचली तर पॅटर्न स्पष्ट होता. बहुतेक वेळा 'आधी'च्या रकान्यात मोठी माणसं एकमेकांशी बोलत होती, फोनवर होती किंवा पाठ फिरवून निघाली होती. 'नंतर'च्या रकान्यात त्याला काय मिळालं? सगळं घर धावत आलं. चेहरे जवळ, आवाज मोठा. तुमच्याकडे एकही शब्द नसेल आणि माणसांची प्रचंड ओढ असेल, तर माणूस थांबवायचा याहून खात्रीचा उपाय कुठला?

एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी १९८५ साली यावरचा उपाय तपासला होता. त्या वर्तनाने जे मिळतं तेच मिळवायचा दुसरा, सोपा मार्ग मुलाला शिकवायचा. आमच्याकडे तो मार्ग म्हणजे एक मोठं पिवळं बटण. दाबलं की आजीच्या (ताईच्या सासूबाईंच्या) आवाजात "माझ्याकडे बघा!" असं वाजतं. त्याने बटण दाबलं की हातातलं काम टाकून बघायचं. केस ओढले तर बोटं शांतपणे सोडवायची, बोलायचं नाही, चेहरा कोरा.

सांगायला सोपं आहे हो! पहिल्या आठवड्यात ते बटण दिवसाला शंभरदा वाजलं असेल. आणि केस ओढणं आधी वाढलं. नेहमीचा उपाय चालेनासा झाला की माणूस तो आणखी जोर लावून करतो, लिफ्टचं बटण आपण दाबत बसतो तसं. बाईंनी याची आधीच कल्पना दिली होती म्हणून घर टिकलं. सगळ्यात कठीण गेलं ते आजींना. नातवाने पदर धरला आणि चेहरा कोरा ठेवायचा? "अहो, मी काय दगड आहे का?" असं त्या बाईंनाच म्हणाल्या. बाईंनी त्यांना समजावलं, दहातून एकदा जरी जुना उपाय चालला तरी तो दहाही वेळा करून बघेल. त्यानंतर आजींनी स्वतःच वहीत नोंदी करायला घेतल्या आणि पाहुण्यांना दारातच नियम सांगायला लागल्या. मग हळूहळू बटण आणि प्रतिसाद यांत पाच सेकंद, दहा सेकंद थांबायला शिकवलं. पाचेक महिन्यांनी केस ओढणं दिवसाला एक-दोनदावर आलं. शाळेत बटणाची दुसरी जोडी ठेवली आहे आणि भाचा अजून शाळेत आहे.

या उपचारांवर टीकाही आहे आणि ती मला पटते. १९६० च्या दशकात अमेरिकेत वर्तनोपचाराच्या नावाखाली मुलांना मारलंही गेलं, विजेचे झटकेही दिले गेले. मोठे झालेले कितीतरी ऑटिस्टिक लोक आज सांगतात, आम्हाला 'नॉर्मल दिसायला' शिकवलं, आमचं म्हणणं कुणी ऐकलंच नाही. म्हणून ताईने बाईंना आधीच विचारलं होतं, "तुम्ही त्याचं हसणं, हात हलवणं बंद करणार का?" बाई म्हणाल्या, "त्याचा कुणाला त्रास आहे?" कुठलाही थेरपिस्ट निवडताना हा प्रश्न जरूर विचारा.

बरं, या सगळ्याने आजार बरा होत नाही. फिट्सची औषधं चालू आहेत, रात्री दोनला उठून हसणंही चालू आहे. वडिलांकडची बंद प्रत जागी करणाऱ्या औषधांच्या माणसांवरच्या चाचण्या २०२० पासून चालू झाल्या आहेत. भाऊजी त्या बातम्या रोज बघतात. ताई बघत नाही. ती म्हणते, "औषध येईल तेव्हा येईल रे, त्याला आज काहीतरी सांगायचंय."

सध्या बटणं चार झाली आहेत. नवीन बटण पाण्याचं आहे, त्यामुळे सोसायटीच्या टँकरचा हिशोब मात्र कोलमडलाय.