ग्लासगोच्या टेकडीवर विद्यार्थ्यांचे दूरदर्शन

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या पश्चिम भागात केल्विन नदीच्या काठी गिलमोरहिल नावाची टेकडी आहे. भुयारी रेल्वेच्या हिलहेड स्थानकावर उतरून थोडी चढण चढली की विद्यापीठाचा दगडी मनोरा दिसू लागतो, आणि मुंबईचा माणूस जागीच थबकतो. हे आपण कुठेतरी पाहिले आहे! आम्हालाही तसेच वाटले, आणि ते खरेच होते. ही इमारत ज्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाने आखली, त्यानेच मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर आखला. स्कॉट स्वतः कधी हिंदुस्थानात आला नाही. फक्त त्याचे नकाशे आले. दोन्ही मनोऱ्यांची उंचीही जवळपास सारखीच आहे, सुमारे ८५ मीटर.

ग्लासगो विद्यापीठाची स्थापना १४५१ सालची. या टेकडीवर ते १८७० मध्ये आले. आम्ही गेलो तेव्हा ऑक्टोबर होता, नवे सत्र नुकतेच सुरू झाले होते. दोन चौकांच्या मधल्या दगडी कमानींखाली चार-पाच मुले-मुली तिपाईवर कॅमेरा लावून उभी होती. एक मुलगी हातात माइक घेऊन बोलत होती, आणि डोक्याला स्कार्फ बांधलेली दुसरी कानाला हेडफोन लावून आवाज तपासत होती. कमानींतून वारा घोंघावत होता. प्रत्येक वेळी ती मान हलवायची आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. चौथ्या खेपेला तिने अंगठा दाखवला, तेव्हा बघणाऱ्यांनाही हायसे वाटले.

ही मुले होती ‘ग्लासगो युनिव्हर्सिटी स्टुडंट टेलिव्हिजन’ची. आद्याक्षरे जोडून सगळे त्याला ‘गस्ट’ म्हणतात. हे ब्रिटनमधील सर्वांत जुने विद्यार्थी-दूरदर्शन केंद्र. ते सुरू झाले १९६४ साली. त्याच वर्षी बीबीसीची दुसरी वाहिनी सुरू झाली होती. म्हणजे खुद्द ब्रिटनच्या घराघरांतही तेव्हा वाहिन्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. आपल्या मुंबईत तर दूरदर्शन यायला अजून आठ वर्षे अवकाश होता. ते आले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. अशा काळात वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी स्वतःचे केंद्र काढले!

ते याच शहरात निघावे यातही एक औचित्य आहे. दूरदर्शनचा आद्य संशोधक जॉन लोगी बेअर्ड याच परिसरातला. त्याचा जन्म जवळच्या हेलेन्सबर्ग गावचा. तो ग्लासगोच्या तंत्र महाविद्यालयात शिकला, मग या विद्यापीठात आला. पण पहिले महायुद्ध सुरू झाले आणि त्याची पदवी राहून गेली. पुढे चहाचे खोके, बिस्किटाचा डबा, रफूच्या सुया अशा घरगुती वस्तू जोडून त्याने आपले यंत्र उभे केले. जानेवारी १९२६ मध्ये त्याने लंडनला त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. १९२७ च्या मे महिन्यात टेलिफोनच्या तारेवरून लंडनहून ४३८ मैल दूर ग्लासगोला चित्र पाठवले. ते चित्र जिथे उमटले, ते सेंट्रल हॉटेल आजही मुख्य रेल्वे स्थानकाला लागून उभे आहे.

विद्यार्थी-केंद्राचे काम कसे चालते? यात कोणाला पगार नसतो. वैद्यकीय, अभियांत्रिकी, इतिहास, कायदा, कोणत्याही शाखेचा विद्यार्थी येऊ शकतो. पदाधिकारी विद्यार्थीच असतात आणि दर वर्षी बदलतात. विषय ठरवणे, मुलाखतीसाठी माणूस गाठणे, प्रकाशयोजना, चित्रण, संकलन, सगळे आपसात वाटून घ्यायचे. तीन-चार वर्षांत जुने विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात. म्हणून जाण्याआधी जे शिकले ते नव्यांना शिकवावे लागते. ही साखळी साठ वर्षे तुटलेली नाही. पूर्वी यंत्रे अवजड होती आणि कार्यक्रम विद्यापीठाच्या आवारापुरता असायचा; आता तो इंटरनेटवर जगभर दिसतो. १९७३ पासून ब्रिटनमधील अशा केंद्रांची राष्ट्रीय संघटनाही आहे. ती दर वर्षी उत्तम कामाला पारितोषिके देते.

विद्यार्थ्यांवर एवढा विश्वास टाकण्याची या विद्यापीठाची सवय जुनी आहे. येथे ‘रेक्टर’ हे मानाचे पद आहे आणि त्याची निवड विद्यार्थी मतदानाने करतात. १९६२ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध लढणारे अल्बर्ट लुथुली यांना निवडले. तिथल्या सरकारने त्यांच्यावर बंधने घातली होती, त्यामुळे ते येऊ शकले नाहीत. तरी विद्यार्थ्यांनी आपले मत जगाला कळवले. मार्च २०२४ मध्ये विद्यार्थ्यांनी प्रचंड बहुमताने पॅलेस्टिनी वंशाचे शल्यविशारद डॉ. घस्सान अबू सित्ता यांना निवडले. ते याच विद्यापीठात वैद्यक शिकले होते, आणि २०२३ च्या युद्धात गाझातील रुग्णालयांत जखमींवर शस्त्रक्रिया करत होते.

ग्लासगोत मुस्लीम वस्ती मोठी आहे. बहुतेक कुटुंबे मूळची पाकिस्तानी पंजाबातली. क्लाईड नदीच्या दक्षिण काठावर १९८०च्या दशकात बांधलेली मध्यवर्ती मशीद आहे. इथे हिवाळ्यात सूर्य पावणेचारला मावळतो, म्हणजे जोहर आणि असर यांत जेमतेम वेळ उरतो. जूनमध्ये मगरिबच रात्री दहानंतर होते. अशा वेळापत्रकात नमाज सांभाळून मुले शिकतात, आणि नंतर सार्वजनिक जीवनातही उतरतात. स्कॉटलंडचे पहिले मुस्लीम फर्स्ट मिनिस्टर झालेले हमझा युसुफ याच विद्यापीठात राज्यशास्त्र शिकले आणि येथील मुस्लीम विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनी कित्येक वर्षे सामुदायिक रेडिओवरही काम केले होते. लोकांसमोर बोलण्याची सवय अशा लहान जागीच लागते.

हे सारे पाहताना आम्हाला आपली घरे आठवत होती. संध्याकाळी बातम्या लागल्या की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते: हे लोक आपल्याबद्दल काय वाट्टेल ते दाखवतात. तक्रार पुष्कळदा रास्त असते. पण त्याच घरातली मुलगी पत्रकारितेला जाते म्हणाली, तर आपणच म्हणतो की हे काम आपल्यासाठी नाही. डॉक्टर हो, बी.एड. कर. मग कॅमेऱ्यामागे आपले माणूस यायचे कुठून? आई-वडिलांची काळजी आम्ही हसण्यावारी नेत नाही. वेळी-अवेळीचे काम, वातावरण, मर्यादा हे प्रश्न खरे आहेत. पण कमानीखालची ती मुलगी स्कार्फ बांधूनच आवाज तपासत होती, आणि तिने मान हलवली की सगळे थांबत होते.

आपल्या देशातही वाट आहे. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात १९८२ मध्ये अन्वर जमाल किदवई यांनी जनसंचार केंद्र सुरू केले. छायाचित्रकार दानिश सिद्दीकी तिथेच शिकले. रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी २०१८ मध्ये रॉयटर्सच्या चमूला पुलित्झर मिळाले, त्या चमूत ते होते. जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानात काम करत असताना ते मारले गेले. जामियाच्याच कब्रस्तानात त्यांची कबर आहे.

सूरह अल्-हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची खातरजमा करण्याचा आदेश आहे. तो ऐकणाऱ्यासाठी जेवढा आहे, तेवढाच सांगणाऱ्यासाठीही आहे. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामपासून पुण्याच्या आझम कॅम्पसपर्यंत आपल्या शिक्षणसंस्थांत हजारो मुले-मुली शिकतात. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. एक साधा माइक, एक खोली, लक्ष घालणारे एखादे शिक्षक आणि आठवड्याला पाच मिनिटांचे बातमीपत्र, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मोहल्ल्यातील पाण्याचा प्रश्न, शिष्यवृत्तीची अंतिम तारीख, दहावीत पहिली आलेल्या रिक्षाचालकाच्या मुलीची मुलाखत, असे विषय दारातच आहेत. चुका होतील, वाऱ्याचा आवाज येईल, चौथ्या खेपेला जमेल. इन्शाअल्लाह, त्यातूनच आपली गोष्ट नीट सांगणारी पिढी तयार होईल.