वेशीच्या आंत आणि बाहेर

आमच्या सावंतवाडीस बंड हा शब्द नवा नाहीं. १८३८ सालीं इंग्रजांनीं संस्थानचा कारभार आपल्या हातीं घेतला. पुढें १८४४-४५ सालीं फोंड सावंत तांबुळकर यांच्या पक्षानें मनोहर व मनसंतोष हे गड लढविले. पराभव झाला तेव्हां बंडवाल्यांस रान होतें आणि जवळच गोव्याची हद्द होती. शहरांत लढणाऱ्यास अशी वाट नसते, हें समजण्यास आंबोलीचा घाट चढून कोल्हापुरास जावें लागतें.

१८५७ च्या जुलईअखेर तेथें सत्ताविसाव्या पलटणीनें बंड केलें. त्यांतील कांहीं शिपाई शहरालगतच्या पागेंत शिरून निकरानें झुंजले. दक्षिणी मराठा रिसाल्यांतील लेफ्टनंट कर यानें आपले स्वार पायउतार करून पागेचें दार फोडिलें. करला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या पाठोपाठ आंत घुसलेल्या देशी स्वारांस तो मिळणें शक्यच नव्हतें. देशी सैनिकांस त्याचा अधिकार १९११ सालीं प्राप्त झाला.

त्याच वर्षीं ६ डिसेंबर रोजीं बंडवाल्यांनीं शहराच्या वेशी आंतून बंद केल्या. शत्रूस बाहेर ठेवणारी वेस आपणांसहि कोंडून ठेवते, याचा प्रत्यय लवकरच आला. कर्नल जेकब यानें वेस बळानें उघडली. हातीं लागलेल्या कित्येकांस तत्काळ देहान्त शिक्षा झाली. हा जेकब पूर्वीं आमच्या वाडीचाच पोलिटिकल सुपरिंटेंडेंट होता! राजांचे धाकटे बंधु चिमासाहेब यांस कराचीस नेण्यांत आलें; १८६९ सालीं ते तेथेंच वारले.

पागेबाहेरच्या स्वारांस देशद्रोही म्हणावें काय, असें विद्यार्थी आम्हांस विचारतात. बंडवाल्यांची बाजू आम्हांस न्यायाची वाटते, हें आम्ही लपवीत नाहीं. तथापि ज्या स्वाराची भाकर रिसाल्याच्या पगारावर होती, त्याला एका शब्दांत निकालांत काढण्यास आमची जीभ धजत नाहीं. १८७१ सालीं पॅरिसच्या रस्त्यांत कम्यूनवाल्यांवर चालून आलेली फौजहि फ्रेंचच होती. यादवींत शहर कोणीहि जिंकलें तरी दोन्हीं बाजूंचीं प्रेतें त्याच मुलखांतील घरांचीं असतात. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस इतकेंच सांगतों कीं, बंडवाल्यांचा अभिमान अवश्य बाळगा; पण दार फोडणाऱ्या स्वाराचेंहि घर कोठें होतें, हें विचारल्यावांचून इतिहासाचें पान उलटूं नका.