चिठ्ठीवरचे नाव कोठून येते?

रुग्णाला औषधाचे नाव डॉक्टरांकडून कळते. डॉक्टरांना ते कोठून कळते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या पिढीच्या डॉक्टरांपुरते याचे उत्तर जरा अवघडच आहे. आम्ही एमबीबीएस करत होतो तेव्हा औषधशास्त्राच्या पुस्तकात टेल्मिसार्टन नव्हते, रोझुव्हास्टॅटिन नव्हते, प्रीगाबालिनही नव्हते. आज साठीपुढच्या रुग्णांच्या चिठ्ठ्यांवर हीच नावे सारखी दिसतात. म्हणजे आम्ही रोज जे लिहितो त्यातले बरेचसे महाविद्यालय सोडल्यानंतर शिकलो, आणि शिकवायला नेमाने दारापर्यंत येणारी व्यक्ती बहुतेक ठिकाणी एकच होती : औषध कंपनीचा प्रतिनिधी, ज्याला आपण सारे एमआर म्हणतो.

हा मुलगा बहुधा नम्र असतो. रुग्ण संपेपर्यंत बाकावर बसून राहतो आणि दोन-तीन मिनिटांत रंगीत पाने उलटत बोलणे आटोपतो. तो खोटे बोलतो, असा माझा अनुभव नाही. मात्र काय सांगायचे आणि काय सांगायचे नाही, हे दोन्ही त्याच्या कंपनीने आधीच ठरवलेले असते. प्रीगाबालिन व मिथाइलकोबालामिन यांच्या एकत्रित कॅप्सूलचेच पाहा. मधुमेहात पायांची आग होते, मुंग्या येतात. त्यावर प्रीगाबालिनचा उपयोग होतो यात शंका नाही. पण याच औषधाने गुंगी येते, तोल जातो. मूत्रपिंडाचे कार्य मंदावले असेल तर त्याची मात्रा कमी करावी लागते, आणि सत्तरीनंतर ते अनेकांचे मंदावलेलेच असते. रात्री दोनदा लघवीला उठणाऱ्या आजोबांच्या बाबतीत ही माहिती मुंग्यांच्या माहितीहून मोलाची आहे. खुब्याचे हाड मोडले की त्या घराचे पुढचे कित्येक महिने त्या एका पडण्याभोवती फिरतात. रंगीत पानावर मात्र पायांची आग ठळक असते. तोल जाण्याचा उल्लेख असलाच तर तळाशी, बारीक अक्षरांत.

त्या मुलावर राग धरण्यात अर्थ नाही. त्याच्या डोक्यावर दरमहाच्या विक्रीचे लक्ष्य असते. कोणत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आपले नाव किती वेळा येते, हे तो शेजारच्या मेडिकलमध्ये विचारून घेतो आणि त्यावरून पुढच्या भेटी आखतो. आपली चिठ्ठी अशी मोजली जाते, याची कल्पना बहुतेक रुग्णांना नसते.

‘या सगळ्याचा आमच्यावर परिणाम होत नाही,’ असे डॉक्टर सांगतात, आणि मनापासून सांगतात. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील निवासी डॉक्टरांची एक पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या लेखणीवर कंपन्यांचा प्रभाव पडत नाही, असे त्यातील ६१ टक्के जणांनी सांगितले. इतर डॉक्टरांबद्दल तीच खात्री फक्त १६ टक्क्यांना होती! पुढे २०१६ मध्ये त्याच देशातील सुमारे २ लाख ८० हजार डॉक्टरांच्या नोंदी तपासल्या गेल्या. कंपनीकडून एकदाच, तेही बहुधा २० डॉलरपेक्षा कमी किमतीचे जेवण घेतलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरही त्या कंपनीचे औषध अधिक प्रमाणात आढळले. जेवणामुळेच ते लिहिले गेले, असे यातून सिद्ध होत नाही, हेही अभ्यासकांनी नमूद केले आहे. मला स्वतःला ‘लाच’ हा शब्द इथे फार ढोबळ वाटतो. कोणी आपल्याशी अगत्याने वागले की त्याचे नाव जिभेवर राहते. कंपनीला तेवढे पुरते.

नमुन्याच्या गोळ्यांचे प्रकरण याहून नाजूक आहे. गरीब रुग्णाला त्या फुकट देताना डॉक्टरांना समाधान वाटते, रुग्णालाही बरे वाटते. पण नमुने बहुधा नव्या, महाग औषधांचे येतात. जुन्या, स्वस्त गोळीचा नमुना घेऊन कोण येणार? दहा दिवसांत रक्तदाब आटोक्यात येतो, नमुने संपतात, आणि मग चाललेले औषध बदलायला कोणीच धजत नाही. त्या दहा दिवसांची किंमत पुढे वर्षानुवर्षे पेन्शनमधून जात राहते.

नियम नाहीत असे नाही. डॉक्टरांनी भेटवस्तू व सहली स्वीकारू नयेत, हे भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्येच स्पष्ट केले. अशा भेटींवरचा खर्च कंपन्यांना प्राप्तिकरात वजा करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. मार्च २०२४ च्या केंद्रीय आचारसंहितेने नमुन्यांवरही मर्यादा घातली. मात्र तक्रारींची चौकशी उद्योगांच्या संघटनांच्याच समित्यांकडे ठेवली. जेनेरिक, म्हणजे मूळ नावानेच औषध लिहिण्याचा २०२३ चा नियम तर त्याच महिन्यात स्थगित झाला. त्या स्थगितीचे मला फारसे दुःख नाही. मूळ नाव लिहिले तर कंपनी निवडण्याचा अधिकार दुकानदाराकडे जातो, आणि अधिक नफ्याचे पाकीट पुढे सरकवण्याचा मोह त्यालाही असतोच.

घरच्यांनी पाहण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. अलीकडे एका लेकीने आपल्या ८१ वर्षांच्या वडिलांची औषधांची पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. त्यांना सकाळी उठताना चक्कर येत होती. दोन पाकिटे, दोन डॉक्टर, दोन अगदी निराळी व्यापारी नावे. एकात टेल्मिसार्टन, दुसऱ्यात टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन. एकच औषध दुप्पट जात होते. मूळ नावे दोन्ही पाकिटांवर छापलेली होती, पण घरात औषधे ओळखली जात होती ती ‘हिरवी पट्टी’ आणि ‘लाल पट्टी’ म्हणून. मी वडिलांचा रक्तदाब बसवून आणि उभे करून मोजला, दोन्ही डॉक्टरांना फोन केला आणि एक पाकीट बंद झाले. निघताना लेकीने वहीच्या एका पानावर उरलेल्या प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मात्रा, ते कशासाठी आहे आणि कोणी सुरू केले हे लिहून घेतले. आता कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना ती आधी ते पान पुढे ठेवते आणि नवे औषध लिहिले गेले की विचारते, ‘याने तोल जाईल का? आणि हेच औषध जनऔषधी केंद्रात मिळेल का?’