बॅटल क्रीकचे पोहे

पोहे मराठीत जवळजवळ कायम अनेकवचनी, त्यामुळे त्यांना मान आपोआप मिळतो. दिवाळीच्या आठ दिवस आधी मुंबईतल्या खोताच्या वाडीतल्या आमच्या स्वयंपाकघरात मक्याचे पोहे येतात, तेही असेच आदरार्थी. गृहस्थ दिसायला पिवळे, अंगाने वाकडेतिकडे आणि स्वभावाने इतके कडक, की कच्चे चावायला गेलात तर दाताचा डॉक्टर गाठावा लागेल.

मूळ गाव अमेरिकेतलं, मिशिगनमधलं बॅटल क्रीक. जन्म दवाखान्यातला. तिथल्या सॅनिटेरियमचे प्रमुख डॉ. जॉन हार्वे केलॉग यांना मांस, मसाले, चहा, कॉफी काहीच चालत नसे. चमचमीत खाण्याने वासना चाळवतात हे त्यांचं ठाम मत. म्हणून जेवण जितकं अळणी तितकं पथ्याचं. १८९४ मध्ये तिथे शिजवलेला गहू तसाच राहून शिळा झाला. टाकायचा कशाला, म्हणून रोलरमधून काढला, तर सलग पोळी न येता दाण्यागणिक एकेक पापुद्रा सुटला. भाजून दिला, रुग्णांना आवडला. मक्याचा नंबर नंतर लागला. डॉक्टरांच्या धाकट्या भावाने, विलने, १९०६ मध्ये स्वतंत्र कंपनी काढली आणि या पोह्यांत साखर घातली. डॉक्टर भडकले, प्रकरण कोर्टात गेलं. दाणा भिजवून, भाजून, चेपायची विद्या आपल्या कोकणात जुनीच. पण पोह्यांपायी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

१९९४ मध्ये केलॉगचा खोका मुंबईत आला. कारखाना तर हाकेच्या अंतरावर, तळोज्याला. आमच्या आजीने वाडगाभर कॉर्नफ्लेक्स घेतले आणि वर घराच्या रिवाजाप्रमाणे नुकतं उकळलेलं दूध ओतलं. मिनिटाभरात लगदा. तिने एक चमचा तोंडात घातला आणि वाडगा सरकवला. ‘‘आजाऱ्याचं खाणं हे. त्यापेक्षा पेज बरी.’’ बॅटल क्रीकचं नावही तिने ऐकलेलं नव्हतं, पण निदान अचूक होतं.

समोरच्या बंगल्यातल्या ईस्ट इंडियन आंटी मात्र कितीतरी आधीपासून मोहन कंपनीचे कॉर्नफ्लेक्स गार दुधात खायच्या, अगदी आवडीने. म्हणजे दोष गरम दुधाचा. पण सकाळी सकाळी गार दूध? आमच्याकडे त्याला सर्दीचं आमंत्रण म्हणतात. पुढे केलॉग कंपनीने बासमती तांदळाचेही फ्लेक्स आणले. पोहे खाणाऱ्यांना तांदळाचे पोहे विकायला निघालेल्या त्या धाडसाचं मला अजून कौतुक वाटतं.

चिवड्याचे मक्याचे पोहे या खोक्यातल्यांचेच भाऊबंद, फक्त भट्टी न पाहिलेले. मका शिजवायचा, चेपायचा, वाळवायचा आणि तिथेच थांबायचं; उरलेलं काम कढईचं. तेल कडकडीत तापलं की आई आधी एकच पोहा सोडते. तो तळाशी बसून राहिला तर थांबायचं. लगेच फुलून वर आला की मग मूठभर. सर्रकन आवाज होतो, पिवळे तुकडे अंग फुगवून फेसावर नाचतात, आणि झारा तयार हवा, कारण दोन-चार क्षणांत रंग बदलतो. तेल थंड असलं तर पोहे टणकच राहतात आणि वर तेलही पितात. मग शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, हिरवी मिरची, कढीपत्ता, हळद, मीठ आणि शेवटी पिठीसाखर. डॉक्टरसाहेबांनी जे जे वर्ज्य केलं त्यातलं बरंचसं एका परातीत. साखर तेवढी विलच्या बाजूने.

एवढं होऊन हे गृहस्थ डब्यात जातात ते तुळशीच्या लग्नापर्यंत कुरकुरीत राहतात, अर्थात डबा तोवर उरला तर.

वाण्याकडे जाल तेव्हा ‘मक्याचे पोहे, चिवड्याचे’ असं स्पष्ट सांगा. नुसतं कॉर्नफ्लेक्स म्हणालात तर तो खोका काढून देईल, आणि खोक्यातले आधीच भाजलेले असतात. तेलात पडताच करपतात.