सांदवाडीतली शेती

उत्तर नागपुरात इंदोरा, पाचपावली, बेझनबाग या भागांतून फिरताना एक गोष्ट हमखास नजरेस पडते. घर कितीही लहान असो, दाराशी फुटक्या बादलीत गोडनिंब आणि पत्र्यावर चढलेला वालाचा वेल दिसतोच. आपले कितीतरी आजे-पणजे गावाकडून गिरणीत कामाला आले. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ साली बंदही झाली. गावी स्वतःचे शेत नव्हते, दुसऱ्याच्या बांधावर राबणे होते. पण आयाबायांजवळचे बियाणे आणि ते रुजवण्याची समज या शहरात टिकून राहिली.

या समजेला आता ‘पर्माकल्चर’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली त्यावर पुस्तक लिहिले. जंगलाला कोणी खत घालत नाही, तरी ते वाढते. मग आपली बागही तशीच का रचू नये, असा हा विचार. आपल्या राज्यात कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून हेच शिकवले : पाला कुजवून माती स्वतः करा, ऊन ओळखा, नोंद ठेवा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर फळझाडे वाढली, ती याच पद्धतीने.

मार्चमधल्या एका रविवारी वस्तीतल्या महिला मंडळासह आम्ही महाराजबागेत गेलो. ही बाग १९०६ साली स्थापन झालेल्या कृषी महाविद्यालयाची. मुले पिंजऱ्यांकडे धावली. आम्ही एका जुन्या झाडाखालचा पाला बाजूला सारला. वाटेवरची माती तापली होती, पाल्याखालची मात्र गार आणि काळीभोर. एक आजी म्हणाल्या, “हे तं आमच्या उकिरड्यावर रोजच दिसे. यात शिकाचं काय?”

आजींचे बरोबर होते. पण तोच पाला आपण रोज सकाळी झाडून जाळतो, आणि धूर लेकरांच्या छातीत जातो. शिकायचे ते एवढेच.

सांदवाडी दहा बाय दहा फुटांची असली तरी पुरते. सुका पाला, भाजीची देठे, थोडे शेण आणि माती यांचे थर पोत्यात भरून ओलसर ठेवावे. दोन-तीन महिन्यांत खत होते. मृगात दोडका, वाल, कोहळे लावून वेल पत्र्यावर चढवावे, म्हणजे घरावर सावलीही येते. त्याखाली अंबाडी, चवळी. हिवाळ्यात सांबार, पालक, मेथी. कोपऱ्यात मुनगा. न्हाणीचे पाणी केळीला आणि अळूला द्यावे, मात्र साचू देऊ नये, डास होतात. नागपुरात वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे शंभर चौरस फुटांच्या पत्र्यावरून दहा हजार लिटर पाणी वाहून जाते. झाकणाचा एक ड्रम लावला तर पावसाने दडी मारली तरी रोपे तगतात. नवतपात मातीवर पाल्याचा जाड थर हवाच.

यातून घरखर्च सुटणार नाही. पण आठवड्यातून दोनदा ताजी भाजी ताटात येईल, आणि ज्यांच्या वाट्याला सातबारा आला नाही त्यांच्या लेकरांना माती ओळखता येईल. येत्या मृगाआधी एक पोते भरून ठेवा. बी कोणते घ्यावे, ते घरातल्या म्हातारीला विचारा.